रफ टेरेन फोर्कलिफ्ट आणि टेलिहँडलर साइटवर सुरक्षित चालवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे-नाशिक पट्ट्यातल्या बांधकामांवर मी आधी ऑपरेटर होतो, नंतर सेफ्टी सुपरवायझर झालो. सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षा-बैठकीत, ऑपरेटर, खलाशी (मशीनसोबतचे मदतनीस), मुकादम आणि नवे इंजिनिअर मला पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरे इथे लिहून ठेवतो आहे. तुमच्या मशीनचे मॅन्युअल आणि लोड चार्ट (कुठे किती वजन चालते याचा तक्ता) यापेक्षा वेगळे काही सांगत असतील तर त्यांचेच ऐका.

गोदामातली फोर्कलिफ्ट आणि ही, यांत फरक काय?

गोदामातली गाडी गुळगुळीत काँक्रीटच्या फरशीसाठी असते. तिची चाके लहान आणि पोट जमिनीला जवळ. रफ टेरेन मशीनला ट्रॅक्टरसारखे मोठे, खोल नक्षीचे टायर असतात, बहुतेकांना चारही चाकांना ताकद मिळते आणि पोट जमिनीपासून बरेच वर असते. यात दोन प्रकार येतात. एकात फोर्क, म्हणजे माल उचलणारे काटे, सरळ उभ्या मास्टवर (उभ्या चौकटीवर) वर-खाली होतात. दुसऱ्यात दुर्बिणीसारखा पुढे सरकणारा लांब हात, म्हणजे बूम असतो, त्याला आपण टेलिहँडलर म्हणतो. इमारतींच्या साइटवर हल्ली दुसरा प्रकार जास्त दिसतो, कारण माल थेट स्लॅबवर नेऊन ठेवता येतो. खालची बरीच उत्तरे त्यालाच धरून आहेत.

नावातच ‘रफ टेरेन’ आहे. मग खडबडीत जागेवर माल उचलायला हरकत काय?

या नावाने जितके ऑपरेटर फसले, तितके दुसऱ्या कशाने फसले नसतील. खडबडीत जमिनीवरून हे मशीन जाऊ शकते. माल वर उचलायचा तर सपाट आणि घट्ट जागाच लागते. लोड चार्टवरचा प्रत्येक आकडा मशीन लेव्हलमध्ये उभे आहे असे धरून दिलेला असतो.

कारण समजून घ्या. या मशीनचा मागचा अ‍ॅक्सल सहसा मधल्या खिळीवर डुलतो, म्हणून खड्ड्यांतूनही चारही चाके जमिनीला टेकून राहतात. पण त्यामुळे मशीनचा तोल चार पायांच्या टेबलासारखा नसतो, तिपाईसारखा असतो. पुढची दोन चाके हे दोन पाय आणि मागच्या अ‍ॅक्सलची खीळ हा तिसरा. मशीन आणि माल यांचा मिळून जो गुरुत्वमध्य होतो, तो या त्रिकोणाच्या आत असेपर्यंत मशीन उभे राहते. त्रिकोणाबाहेर गेला की आडवे.

आता माल १० मीटर उंच नेला आणि मशीन फक्त १ अंश कलले, तर वरचा माल जवळपास १७ सेंटीमीटर बाजूला जातो. ३ अंशांना अर्धा मीटर. खाली बसून ३ अंशांचा कल डोळ्यांना जाणवतही नाही. म्हणून केबिनमधला लेव्हलचा बुडबुडा उचलण्यापूर्वी बघायचा. चासी (मशीनचा सांगाडा) लेव्हल करण्याची सोय असेल तर ती बूम खाली असतानाच वापरायची. बूम वर गेल्यावर त्या लिव्हरला हात लावणे म्हणजे मशीन स्वतःच्या हाताने पाडणे.

लोड चार्ट कसा वाचायचा?

टेलिहँडलरच्या चार्टवर उभ्या रेषेत उंची, आडव्या रेषेत पुढची पोच आणि मध्ये कमानीसारखे पट्टे असतात. प्रत्येक पट्ट्यात त्या टप्प्यातली कमाल क्षमता लिहिलेली असते. बूम किती अंशांवर आहे आणि किती बाहेर आला आहे, हे बघून तुमचा बिंदू कोणत्या पट्ट्यात पडतो ते शोधायचे. बऱ्याच मशीनच्या बूमवर अक्षरे किंवा आकडे रंगवलेले असतात, ते याचसाठी.

मशीनवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आकडा बूम आत असतानाचा असतो. ३ टनांचे मशीन पूर्ण बूम आडवा बाहेर काढल्यावर एक-सव्वा टनावर येऊ शकते. नेमका आकडा मशीनगणिक वेगळा, पण घट मोठी असते हे नक्की.

दुसरी गोष्ट लोड सेंटरची. फोर्कच्या उभ्या पाठीपासून मालाच्या मध्यापर्यंतचे अंतर म्हणजे लोड सेंटर. समजा मास्टवाल्या मशीनची क्षमता ५०० मिमी लोड सेंटरला २५०० किलो आहे आणि पुढच्या अ‍ॅक्सलपासून फोर्कच्या पाठीपर्यंत ४५० मिमी अंतर आहे. माल लांबट असल्याने त्याचा मध्य ७५० मिमीवर गेला, तर ढोबळ हिशेब असा: २५०० गुणिले ९५० भागिले १२००. उत्तर येते १९८० किलोच्या आसपास. माल फक्त २५ सेंटीमीटर पुढे सरकला आणि पाचशे किलो क्षमता गेली. म्हणून पॅलेट फोर्कच्या पाठीला टेकेपर्यंत आत घ्यायचे, टोकावर उचलायचे नाही.

आणि बकेट, हुक किंवा जिब (माल लटकवायचा जोडहात) लावला की त्याचा चार्ट वेगळा. फोर्कचा चार्ट बघून जिबचे काम करू नका.

साइटवर वजनकाटा नसतो. मालाचे वजन कळणार कसे?

हिशेबाने, आणि हा हिशेब ऑपरेटरला तोंडपाठ हवा.

सळईसाठी: व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा. एका मीटरचे किलो मिळतात. १६ मिमीची सळई मीटरला १.५८ किलो, म्हणजे १२ मीटरची एक सळई १९ किलो. शंभर सळयांचे बंडल १९०० किलो. मुकादम म्हणतो, ‘बंडल लहानच आहे’. नग मोजा.

सिमेंटची गोणी ५० किलोची, ४० गोण्या म्हणजे २ टन. काँक्रीट घनमीटरला साधारण २४०० किलो, त्यामुळे अर्धा घनमीटर भरलेली बकेट १२०० किलो अधिक बकेटचे स्वतःचे वजन.

एएसी ब्लॉक (सच्छिद्र काँक्रीटच्या विटा) हलके म्हणून सगळे निर्धास्त असतात. ६०० × २०० × २०० मिमीचा ब्लॉक कोरडा असताना १४-१५ किलोचा. पण तो स्पंजासारखा पाणी पितो. आषाढात चार दिवस उघड्यावर पडलेल्या पॅलेटचे वजन तिसऱ्या हिश्शाने सहज वाढते. उन्हाळ्यात जे पॅलेट तिसऱ्या स्लॅबवर जात होते, तेच पावसाळ्यात जाईल असे धरू नका.

काळ्या मातीत, पावसाळ्यात मशीन चालवायचे की नाही?

मुरूम टाकून, रोलर फिरवून रस्ता केला असेल तर चालवा. नुसत्या काळ्या मातीवर नाही. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि तिची ताकद जाते. वरून पापुद्रा वाळलेला दिसतो, खाली लोणी असते. कोकणात जांभ्याची जमीन त्यामानाने बरी, पण तिथे भराव टाकून केलेली सपाटी फसवी असते.

मला जो धडा मिळाला तो भरावानेच दिला. चाकणजवळ गोदामाचे काम होते, जुलैचा महिना. पहिल्या स्लॅबवर ब्लॉकचे पॅलेट ठेवत होतो, बूम चारेक मीटर वर. जमीन वरून छान दिसत होती, क्रशरची डस्ट पसरलेली. त्याखाली ड्रेनेजच्या पाइपचा चर होता, तीन आठवड्यांपूर्वी बुजवलेला, पण दाबलेला नाही. ते मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. आधी आवाज आला नाही, धक्का बसला नाही. समोर आरशाला लटकवलेली लिंबू-मिरची हळूहळू उजवीकडे सरकली आणि काचेच्या पट्टीला टेकली. उजवे पुढचे चाक वीतभर खाली गेले होते.

त्या क्षणी हात आपोआप बूम खाली घ्यायला जातो. ते चूक आहे. बाहेर काढलेला बूम खाली आणताना माल आधी आणखी पुढे जातो आणि तोल पूर्ण सुटतो. आधी बूम आत घ्यायचा, मग खाली. मी तसे केले म्हणून मशीन उभे राहिले. दोन ब्लॉक मात्र घसरून खाली आले, आणि पडले तिथे मिनिटभरापूर्वी आमचा खलाशी उभा होता.

तेव्हापासून मी कुठल्याही साइटवर गेलो की पहिल्या दिवशी इंजिनिअरकडे एकच गोष्ट मागतो: जमिनीखाली काय काय बुजवले आहे त्याचा नकाशा. चर, चेंबर, जुनी विहीर, सेप्टिक टँक. त्या जागा चुन्याने आखून घेतो.

खोदकामाच्या काठापासून किती लांब राहायचे?

खड्डा जितका खोल, किमान तितके. ३ मीटर खोल असेल तर ३ मीटर. काळी माती, भराव किंवा पावसाचे पाणी असेल तर त्याच्या दीडपट. आणि नुसता अंदाज नको, लाकडी ओंडका किंवा मातीचा बांध घालून चाक अडेल अशी सोय करा.

उतारावर तोंड कुठे ठेवायचे?

माल असेल तर माल नेहमी चढाच्या बाजूला. म्हणजे चढताना सरळ, उतरताना रिव्हर्स. रिकामे असेल तर फोर्क उताराच्या बाजूला. उतारावर आडवे जायचे नाही, वळायचे नाही, आणि माल वर उचलायचा तर मुळीच नाही. गियर न्यूट्रलमध्ये टाकून डिझेल वाचवायची सवय कोणाला असेल तर ती आजच सोडा.

चालवताना माल किती उंच हवा?

जमिनीला लागणार नाही इतका खाली. मशीन चालताना फोर्क ३० सेंटीमीटरच्या वर नकोत, माल थोडा मागे कललेला. मोठ्या मालामुळे समोर दिसत नसेल तर रिव्हर्स चाला किंवा पुढे माणूस ठेवा. मान बाहेर काढून बघत चालवणे हा उपाय नाही.

हायड्रा (फिरती क्रेन) नाही आली, फोर्कला पट्टा अडकवून सळईचे बंडल उचलू का?

हा प्रश्न महिन्यातून चारदा येतो. नाही.

फोर्कवर पट्टा घसरतो, फोर्कच्या धारेने तो कापला जातो आणि लटकलेला माल झोके घेतो. झोका पुढे गेला की लोड सेंटरही पुढे गेले. चार्टमध्ये झोका धरलेला नसतो. १२ मीटरचे बंडल तर वाऱ्याने आणि चाकाच्या प्रत्येक खड्ड्याने गोल फिरते आणि त्याची टोके कुठे लागतील सांगता येत नाही.

टेलिहँडलरला कंपनीने मंजूर केलेला हुक किंवा जिब असेल, त्याचा चार्ट केबिनमध्ये असेल आणि दोन्ही टोकांना दोरी धरून खलाशी असतील तर लटकता माल नेता येतो. चालण्याच्या वेगाने, सपाट जागेवर. दोरी धरणाऱ्याने ती हाताला गुंडाळायची नाही.

पॅलेटवर माणूस उभा करून वर पाठवला तर? दोनच मिनिटांचे काम असते.

नाही. दोन मिनिटांसाठीही नाही. कठडा असलेला, त्या मशीनसाठी मंजूर केलेला प्लॅटफॉर्म असेल तरच, आणि माणसाने हार्नेस लावलेला असेल तरच.

विजेच्या तारा जवळ असतील तर?

अमेरिकेतल्या ओशाच्या (कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या) नियमांत ५० केव्ही (किलोव्होल्ट) पर्यंतच्या तारांपासून किमान १० फूट, म्हणजे साधारण ३ मीटर अंतर सांगितले आहे. आपल्याकडे गावाच्या शिवेवर ११ आणि ३३ केव्हीच्या तारा असतात, उन्हाने सैल होऊन झोळ पडलेल्या. मी स्वतः ६ मीटरची हद्द आखून घेतो. तारेखालून रस्ता जात असेल तर दोन्ही बाजूंना बांबूचे गोलपोस्ट उभे करतो, म्हणजे बूम वर राहिला असेल तर आधी तो बांबूला अडतो. त्याहून जवळ काम करायचे असेल तर महावितरणकडून लाइन बंद करून घ्या. लाइन बंद आहे हे फोनवर ऐकून काम सुरू करू नका, लेखी घ्या.

बूम तारेला लागलाच तर ऑपरेटरने केबिनमध्येच बसून राहायचे आणि ओरडून बाकीच्यांना लांब ठेवायचे. दहा मीटरच्या आत कोणी यायचे नाही. मशीनला आग लागली आणि उतरणे भागच पडले, तर दोन्ही पाय जुळवून उडी मारा. मशीनला हात आणि जमिनीला पाय असे एकाच वेळी व्हायला नको. मग पाय जुळवूनच, छोट्या उड्या मारत दूर जा. लांब ढांग टाकली तर दोन पायांमधल्या विजेच्या फरकाने माणूस जातो.

मशीन उलटायला लागले तर उडी मारायची का?

उडी मारू नका. माणूस उडी मारतो त्याच बाजूला मशीन पडते, आणि केबिनची चौकट किंवा छत त्याच्या अंगावर येते. सीटचा पट्टा लावलेला असावा, स्टीअरिंग घट्ट धरा, पाय फरशीला रोवा आणि मशीन पडते आहे त्याच्या उलट बाजूला अंग झुकवा. केबिनची चौकट तुम्हाला वाचवण्यासाठीच बनवलेली आहे, पण तुम्ही तिच्या आत असाल तरच. उन्हाळ्यात पट्टा अंगाला चिकटतो, घामाने पुरळ येते, हे मला माहीत आहे. तरी लावा.

सिग्नल कोणी द्यायचा?

एकच माणूस, आणि तो कोण हे सकाळीच ठरवायचे. त्याचे जॅकेट वेगळ्या रंगाचे द्या. ‘थांब’ हा सिग्नल मात्र कोणीही दिला तरी थांबायचे, बिगाऱ्याने दिला तरी.

साइटवर मराठी, हिंदी, बंगाली, तेलुगू अशा चार भाषा असतात. ‘आने दो, आने दो’ म्हणता म्हणता ‘बस’ इंजिनच्या आवाजात विरून जाते. म्हणून हाताचे इशारे ठरवून घ्या आणि ऑपरेटर व खलाशी दोघांनी सगळ्यांसमोर ते एकदा करून दाखवा. सिग्नल देणारा दिसेनासा झाला तर मशीन जागेवर थांबले पाहिजे.

टेलिहँडलरची केबिन डावीकडे असते आणि बूम उजवीकडून जातो. त्यामुळे उजव्या बाजूला, विशेषतः मागच्या चाकाजवळ, ऑपरेटरला काहीच दिसत नाही. मी नव्या खलाशांना एकदा केबिनमध्ये बसवतो आणि दुसऱ्याला त्या जागी उभे करतो. ‘साहेब, तो दिसतच नाही’ असे त्याने स्वतःच्या तोंडाने म्हटले की पुन्हा तिथे उभा राहत नाही.

सकाळी काय काय तपासायचे?

मशीनभोवती एक फेरी. टायरचा दाब बघा: एक टायर नरम असेल तर मशीन मुळातच कललेले आहे. ब्रेक, हॅण्डब्रेक, स्टीअरिंग, हॉर्न, रिव्हर्सचा भोंगा, आरसे, सीटचा पट्टा, तेल-पाणी. चार्ट केबिनमध्ये आहे आणि वाचता येतो ना?

दोन गोष्टी सविस्तर सांगतो, कारण त्या राहून जातात.

एक, फोर्कची टाच, म्हणजे फोर्क जिथे काटकोनात वळतो ती जागा. माल घासून ती झिजते. मूळ जाडीच्या १० टक्के झीज झाली की फोर्क बदलायचा. ४० मिमीचा फोर्क ३६ वर आला की त्याची सुमारे वीस टक्के ताकद गेलेली असते. टाचेजवळ केसासारखी भेग दिसली तर त्याच क्षणी मशीन बंद. वेल्डिंग मारून चालवायचे नाही.

दोन, हायड्रॉलिक होज, म्हणजे दाबाखालचे तेल नेणाऱ्या नळ्या. गळती कुठे आहे हे बघायला होजवरून बोट फिरवू नका. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघणारे तेल हातमोजा आणि कातडी भेदून आत जाते. जखम डास चावल्यासारखी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, आणि काही तासांत हात गमावायची वेळ येते. पुठ्ठा धरून बघा. तेल कातडीत गेल्याची शंका जरी आली तरी ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्या आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की दाबाखालचे तेल आत गेले आहे.

ओव्हरलोडचा अलार्म सारखा वाजतो. वायर काढून ठेवली तर?

अलार्म बिघडला असेल तर मेकॅनिक बोलवा. बरोबर असेल तर तो खरे सांगतो आहे. एक लक्षात ठेवा, तो अलार्म बहुतेक मशीनमध्ये पुढे उलटण्याचाच धोका ओळखतो. बाजूला उलटण्याची सूचना तो देईलच असे नाही. म्हणून अलार्म गप्प आहे यावरून जागा सपाट आहे असे समजू नका.

लायसन्स लागते का?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये बांधकाम-यंत्र वाहनांच्या व्याख्येत फोर्कलिफ्टचे नाव आहे, त्यामुळे रस्त्यावर आणायचे तर नोंदणी आणि योग्य लायसन्स हवे. पण लायसन्स आहे म्हणजे बूम चालवता येतो असे नाही. इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलच्या अभ्यासक्रमांतून किंवा मशीन कंपनीकडून प्रशिक्षण घ्या, आणि त्याच मॉडेलवर साइटवर हात बसवून घ्या. जेसीबी चालवणारा चांगला ऑपरेटर टेलिहँडलरवर चुकतो, कारण त्याच्या हाताला उंचीवरच्या मालाची सवय नसते.

तळघरात डिझेल मशीन नेता येईल का?

पंखे लावून हवा खेळती असेल तरच, आणि थोड्या वेळासाठी. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोके जड झाले की बाहेर या.

भाड्याने मशीन आले तर काय मागायचे?

सक्षम व्यक्तीने वर्षभरात केलेल्या तपासणीचा दाखला, विमा, ऑपरेटरचे प्रशिक्षणाचे कागद, मॅन्युअल आणि चार्ट. चार्ट त्याच मॉडेलचा आहे का, हे प्लेटवरच्या नंबराशी ताडून बघा. दुसऱ्याच मॉडेलचा चार्ट चिकटवलेले मशीन मी परत पाठवले आहे.

इंजिनिअर किंवा ठेकेदार म्हणतो, ‘एकदाच उचल, काही होत नाही’. काय करू?

चार्ट पुढे करा आणि वजनाचा हिशेब कागदावर मांडून दाखवा. तोंडी वादात ऑपरेटर हरतो, आकड्यांवर सहसा हरत नाही. तरीही आग्रह झाला तर ‘हे लिहून द्या’ म्हणा. माझ्या इतक्या वर्षांत ते कोणी लिहून दिलेले नाही. आणि सेफ्टीवाल्यांनो, नाही म्हणणाऱ्या ऑपरेटरची त्या दिवशीची हजेरी कापली जाणार नाही हे बघणे आपले काम आहे.

काम संपल्यावर मशीन कुठे आणि कसे सोडायचे?

सपाट जागी, खड्ड्यापासून आणि तारांपासून लांब. बूम पूर्ण आत, फोर्क जमिनीला टेकलेले आणि टोके किंचित खाली, म्हणजे अंधारात कोणाच्या नडगीला लागणार नाहीत. न्यूट्रल, हॅण्डब्रेक, इंजिन बंद, किल्ली खिशात. साइटवर मजुरांची मुले राहत असतील तर केबिनला कुलूपही लावा. चिखल भरलेल्या पायऱ्या धुऊन ठेवा आणि उतरताना मशीनकडे तोंड करून, तीन ठिकाणी आधार धरून उतरा.